काठाला टेकलेली शीर

पानाची तिसरी शीर काठाला टेकलेली होती, आणि ती टेकायला नको होती. झालं ते एवढंच. बाकी खोलीत सगळं रोजच्यासारखं होतं. खिडकीला जाड काळा पडदा, टेबलावर भिंग, जांभळा दिवा, साय धरलेला चहा, आणि काचेपलीकडे मोठे साहेब फोनवर कुणाला तरी 'हो हो, आजच करतो' असं नेहमीचं सांगत होते. सीमेवर पकडलेले खोटे व्हिसा आमच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून येतात, पासपोर्टासकट. फोटोतला माणूस कुठल्यातरी बाकावर बसून राहिलेला असतो आणि त्याचा चेहरा माझ्यापुढे येतो. मी सांगायचं असतं, की बनवणारा नक्की कुठे चुकला. त्या दिवशी मी पिशवी फोडली, स्टिकरवर अंगठा फिरवला. आमच्याकडे आधी अंगठा, मग डोळा. आणि अंगठ्याला पान लागलं. खोट्या व्हिसात पान कधी अंगठ्याला लागत नाही. ते कागदात निजलेलं असतं. हे उभं होतं. मी चहाचा कप बाजूला सारला, भिंग ओढलं, शीर पाहिली आणि शिरेच्या टोकाला एक बारीकसं टिंब पाहिलं. मी भिंग खाली ठेवलं आणि उगाचच मागे वळून दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं, असणार तरी कोण होतं म्हणा.

आमच्या छापखान्यात बाहेरच्या एका देशाच्या व्हिसाचं स्टिकर बनतं. त्यावरची बारीक रेघांची जाळी आता कॉम्प्युटर काढतो, रंग बदलणारे आकडे मशीन छापतं, दिव्याखाली चमकणारी शाई बाहेरून डब्यातून येते. हाताचं काम एकच उरलंय, कोपऱ्यातलं पान. नखाएवढं. ते पोलादावर कोरणीने कोरायचं. कोरलेल्या खाचेत शाई भरते आणि दाबाखाली कागदावर उंच उभी राहते, म्हणून ते अंगठ्याला कळतं. मोठे साहेब कुणी पाहुणा आला की त्याला 'आपली परंपरा' म्हणतात, आणि पाहुणा गेला की 'हा खर्च कधी बंद होणार' म्हणतात. ती परंपरा म्हणजे मी. माझ्याआधी बाबा. त्या पानाची तिसरी शीर काठाच्या केसभर अलीकडे थांबते. मुद्दाम. बाबा त्याला 'तीट' म्हणायचे. 'सगळं नीटनेटकं असेल ना, तर कुणाचीही नजर लागते,' म्हणायचे. म्हणजे काय, तर नक्कल करणारा हात चांगला असेल तर त्याला ती अर्धी शीर बघवत नाही. त्याला वाटतं छापताना शाई कमी पडली, आणि तो ती पुरी करतो. चांगला हातच चुकतो, वाईट हात चुकत नाही. ही गंमत नव्या लोकांना समजावताना मला दर वेळी मजा यायची. त्या दिवशी आली नाही. कारण शीर पुरी करणारे खूप असतील, पण पुरी करून टोकाशी कोरणी क्षणभर टेकवून थांबणारा मला एकच माहीत होता, आणि त्याला मी मनातल्या मनात केव्हाच मेलेलं धरलं होतं. आईसमोर नाही. आईसमोर असलं बोलायची कुणाची टाप होती?

आमच्या जेवायच्या टेबलाची एक बाजू ताटांची आणि एक बाजू बाबांच्या हत्यारांची होती. आई ओरडायची, 'कुणाच्या घशात लोखंड जाईल ना एक दिवस!' बाबा तांब्याचे तुकडे आणायचे आणि आम्हाला दोघांना समोरासमोर बसवायचे, मी आणि धाकटा. माझं काम बरं होतं. बरं म्हणजे बाबा 'हं' म्हणायचे. धाकट्याचं काम बघून ते काहीच म्हणायचे नाहीत, तुकडा उजेडाला धरून नुसते बघत राहायचे. डावखुरा होता. करंगळी आत दुमडून, जीभ ओठांत धरून असा काही वाकायचा की वाटावं, कानात काहीतरी ऐकतोय. त्याच्या रेघा माझ्यापेक्षा उलट्या बाजूने जाड व्हायच्या. आणि प्रत्येक रेघेच्या शेवटी तो थांबायचा. 'अरे, थांबतोस कशाला तिथे? आली रेघ, गेली रेघ!' बाबा डोक्यात टपली मारायचे. तो म्हणायचा, 'पोचलो की जरा बसतो हो बाबा.' त्याची दुसरी खोड म्हणजे वाकडं काही बघवायचं नाही. लोकांच्या घरी गेलो की हा त्यांच्या भिंतीवरच्या तसबिरी सरळ करत फिरायचा. एकदा एका बाईंनी आईला विचारलं, 'तुमच्या मुलाला आमचं घर पसंत नाही का?' आई हसली, घरी येऊन त्याला बोल बोल बोलली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या कपाटाचं बिजागर वाकडं होतं तर त्यालाच हाक मारली. आता भिंगाखाली ते टिंब बघताना मला तो तांब्याचा वास आला. खरंच आला. मी रुमाल नाकाला लावला, तरी तो रुमालातूनही येत राहिला.

बाबांनी त्याला छापखान्यात उमेदवारीवर लावलं. हाताला तोड नव्हती, पण तिसऱ्या शिरेशी गाडी अडायची. तो कोरत कोरत यायचा, केसभर अलीकडे थांबायचा, आणि त्याचा घसा कोरडा पडायचा. मी शेजारी असायची, मला ऐकू यायचं त्याचं गिळणं. एक दिवस तयार ठशावर त्याने ती जोडली. कुणाला न सांगता, अगदी प्रेमाने. ठसा छपाईला गेला, गठ्ठेच्या गठ्ठे छापून निघाले, आणि सगळे फाडून जाळावे लागले. बाबांनी स्वतः वर जाऊन सांगितलं की हे माझ्या मुलाने केलंय. धाकटा घरी येऊन एवढंच म्हणाला, 'ती अर्धी होती हो, बाबा.' त्याच्या आवाजात माफी नव्हती. तक्रारही नव्हती. ते वाक्य मी कधी विसरले नाही, कारण तेव्हा मलाही तसंच वाटायचं, फक्त माझा हात ऐकायचा आणि त्याचा ऐकायचा नाही. मग इथे त्याला कुणी काम देईना. बाहेर जायचं म्हणून त्याने व्हिसाला अर्ज केले, पुन्हा पुन्हा केले, आणि दर वेळी नकार आला. 'ज्या पानासाठी बोटं सोलली ते मलाच देत नाहीत, बघ ताई,' असं म्हणून हसला होता, आणि ते हसणं मला आवडलं नव्हतं. शेवटी कसा गेला, कुठल्या वाटेने गेला, कळलंच नाही. काही दिवस फोन यायचे, घरच्या जुन्या फोनवर. 'आई, मी ठीक. जेवतो. हो, गरम कपडे आहेत.' मग यायचे बंद झाले. बाबा गेले तेव्हा त्याला कळवायला आमच्याकडे काही नव्हतं. आईला आता दाराची बेल ऐकू येत नाही, शेजारीण ओरडून थकते, पण तो फोन वाजला की ती आतल्या खोलीतून उठते. मी एकदा म्हटलं होतं, तो जुना फोन काढून टाकू या, उगाच भाडं भरतोय. आई म्हणाली, 'पोरगा काय छत्री आहे का, विसरला कुठेतरी आणि गेला? नंबर त्याला पाठ आहे. नंबर हलायचा नाही.' मी भाडं भरत राहिले.

साहेबांना मी त्या दिवशी एवढंच सांगितलं, की शीर पूर्ण आहे आणि पान हाताने कोरलेलं आहे. टिंबाचं बोलले नाही. साहेब हादरले. 'हाताने? आजच्या काळात कोण बसतंय हाताने कोरत?' 'मी बसते ना,' मी म्हटलं. ते ओशाळले. मग अशा आणखी पिशव्या यायला लागल्या. सगळीकडे तेच पान, तीच उलट्या बाजूने जाड होणारी रेघ, तेच टिंब. पकडले गेलेले लोक व्हिसामुळे पकडले गेले नव्हते, कुणी विचारलेल्या प्रश्नाला अडखळला, कुणी रडला, म्हणून अडवले गेले होते. म्हणजे न अडखळलेले किती पार झाले असतील! आणि खरं सांगायचं तर मी त्या पिशव्यांची वाट बघायला लागले. सकाळी टेबलावर पिशवी नसली की दिवस रिकामा जायचा. असली की मी आधी सगळी बारीकसारीक कामं आटपायची, हात धुवायची, आणि मग ती फोडायची. ह्या वेळी शीर जरा घाईची आहे. थंडी असेल तिकडे. ह्या वेळी हात निवांत आहे, बरा दिसतोय. असं चालायचं माझं. मला कळत होतं की हे काही बरं लक्षण नाही. जाता येता मला ते पान दिसायला लागलं, बसच्या धुकट काचेवर, दवाखान्यातल्या फरशीत, वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या हाताच्या शिरांत. रस्ता ओलांडताना कुणीतरी डाव्या हाताने खांबावर टकटक करत गेलं तर माझे पाय जागीच थांबायचे. एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाने भिंतीवरची तिरकी पाटी सरळ केली, आणि मी 'अरे!' म्हणून जोरात ओरडले. तो वळला. कुणीतरी भलताच, दाढीवाला, घाबरलेला. 'काय झालं हो?' काय सांगणार त्याला? म्हटलं, 'काही नाही, आभारी आहे.' पासपोर्टांतले चेहरेही मला सोडेनात. एक बाई होती, फोटोत हसू दाबून धरलेली, फोटोवाल्याने हसू नका सांगितलं असणार म्हणून. ती धाकट्याच्या समोर बसली असेल. तिने त्याचा हात हलताना पाहिला असेल. जे मला दिसत नव्हतं ते ह्या अडवलेल्या लोकांनी पाहिलं होतं, आणि मला त्यांचा चक्क हेवा वाटला.

आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण आईला ऐकू येत नाही, दिसतं सगळं. एक दिवस मी ताटातलं चिवडत बसले होते तर तिने ताटच ओढून घेतलं. 'बोल आता. चेहरा बघ आरशात. भूत बघितल्यासारखी फिरतेस घरात.' मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, 'आई, बहुतेक तो आहे.' ती ओरडूनच बोलते, पण तेव्हा अगदी हळू म्हणाली, 'बहुतेक काय? आहेच. मी काय सांगत होते?' मग मी तिला सगळं सांगितलं, पान, शीर, टिंब. खोटे व्हिसा बनवणं म्हणजे काय, हेही सांगितलं, की सापडला तर तुरुंग आहे. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. माझा हात घेतला, माझा कोरणीचा घट्टा अंगठ्याने चाचपला, जसा बाबांचा चाचपायची. 'तुरुंगात भेटायला देतात ना?' तिने विचारलं. मी म्हटलं, देतात. 'जेवायला देतात?' देतात. 'मग पकडून आण त्याला. कान धरून आण. मी काही फार दिवस बसून राहणार नाही इथे, सांगून ठेवते.' आणि माझं ताट परत माझ्यापुढे सरकवलं. मला हसू आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात तिघे जण आहेत असं वाटलं. मी जेवले, भरपूर जेवले.

साहेबांना नवीन स्टिकर हवंच होतं. वरून दट्ट्या होता, की सुरक्षा वाढवा. त्यांनी बैठक घेतली, बाहेरचे लोक आले, कुणी म्हणालं होलोग्राम, कुणी म्हणालं चिप, कुणी पडद्यावर रंगीत वर्तुळं दाखवली. मी शेवटी म्हटलं, 'चिप घाला, काय हवं ते घाला. पण ह्या माणसाला अडवायचं असेल तर पान मला नव्याने कोरू द्या आणि सीमेवरच्या यंत्रांना ते वाचायला शिकवा.' साहेब म्हणाले, 'ह्या माणसाला? तुम्ही त्याला ओळखता?' मी म्हटलं, 'हात ओळखते.' खोटं नव्हतं ते. मग मी बसले. बाबांची तीट कोपऱ्यात लपलेली होती, दिसायला भिंग लागायचं, आणि यंत्रं ती बघतही नव्हती. मी ती पानाच्या मध्यावर आणली. दोन शिरा दोन बाजूंनी एकमेकींकडे येतात, येतात, आणि भेटणार इतक्यात राहतात. मधे केसभर फट. यंत्राने नक्कल करणाऱ्याला काही वाटणार नाही, तो फटीसकट उतरवील, पण त्याचं पान उभं राहणार नाही, अंगठ्याखाली त्याची चोरी पकडली जाईल. उभं पान कोरू शकणारा हात मला एकच माहीत होता, आणि त्या हाताला ही फट बघवणार नव्हती. तो ती जोडणार. जोडली, की यंत्र ओरडणार. आख्ख्या जगात एका माणसासाठी बनवलेलं कुलूप होतं ते. ती फट सोडताना मला काय झालं ते सांगते. कोरणी तिथे आली आणि माझाच घसा कोरडा पडला. डाव्या बाजूला, अगदी कानाशी, कुणीतरी गिळल्याचा आवाज आला. मी मान वळवली नाही. वळवली असती तर त्याला बघितलंच असतं, आणि मग ती रेघ मी जोडून टाकली असती. कोरणी उचलली, पत्रा उजेडाला धरला. सुंदर झालं होतं. मला ते बघवेना. त्याला तर मुळीच बघवणार नाही.

नवीन स्टिकर सुरू झालं आणि पिशव्या थांबल्या. आठवडे गेले. साहेब खूश, मला पेढा दिल्यासारखा चेहरा करून शाबासकी देऊन गेले. मी मात्र खंगले. त्याने ओळखलं, मला वाटलं. फट बघितली आणि ओळखलं की ही ताई आहे, आणि ताई आपल्याला पकडायला निघालीय, आणि त्याने कोरणी ठेवून दिली. म्हणजे जी एक वाट होती तीही मीच बुजवली. आई रोज संध्याकाळी माझ्या तोंडाकडे बघायची आणि काही विचारायची नाही. तिने माळ्यावरून त्याचा जुना स्वेटर काढायला लावला, उन्हात टाकला, कोपराशी विरला होता तिथे रफू करायला बसली. सुईत दोरा मी ओवून द्यायची. मग एक दिवस पिशवी आली. मी हातसुद्धा धुतले नाहीत, उभ्याउभ्याच फोडली. दोन शिरा भेटल्या होत्या. इतक्या हळुवार भेटल्या होत्या की सांधा सापडेना, आणि जिथे भेटल्या तिथे ते टिंब. मी खुर्चीत बसले आणि रडले, आणि काचेपलीकडून साहेब बघत होते तर बघू दे म्हटलं. त्यानंतर भराभर आल्या. प्रत्येक काउंटरवर यंत्र ओरडत होतं, लोक अडवले जात होते, आणि अडवलेल्यांपैकी एकाने शेवटी पत्ता सांगितला. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा फोन आला. आवाजावरून तो काहीतरी चावत होता. 'कोरणारा हात मिळालाय, मॅडम. हत्यारं, पत्रे, सगळं. पण तोंड उघडत नाही. तुम्ही येऊन हात ओळखून द्या, म्हणजे आमचं काम संपलं.' मी विचारलं, 'तब्येत कशी आहे?' 'कुणाची?' तो म्हणाला.

आईने स्वेटर कागदात गुंडाळला, दोऱ्याने बांधला. 'पहिलं जेवलाय का विचार. रागावू नकोस लगेच. मग राग.' दारापर्यंत आली. 'आणि पोचलीस की फोन कर. नाहीतर मीच करीन, सांगून ठेवते.' प्रवासभर मी वाक्यं जुळवत होते. काय रे गाढवा. काय रे, केस गेले का तुझे? अरे, जोडलीसच ना शेवटी! शेवटचं मला बरं वाटलं, ते धरून ठेवलं. त्या इमारतीत लांबलचक बोळ होता, दोन्ही बाजूंना सारखी दारं. एका दाराशी अधिकारी उभा होता, दमलेला, शर्टाचं बटण तुटलेला माणूस, वाईट नव्हता. मी आत गेले, स्वेटरचं पुडकं मांडीवर घेऊन बसले. समोर एक रिकामी खुर्ची, टेबलावर कागद आणि पेन्सिल. भिंतीवर एक वेळापत्रक लावलेलं होतं, तिरकं. मी त्याच्याकडे बघून स्वतःशीच हसले. आल्याआल्या हे सरळ करील बघ, म्हटलं.

दार उघडलं आणि एका मुलीला आत आणलं. विशीची असेल, सडपातळ, मोठ्या माणसाचा वाटावा असा ढगळ कोट घातलेली. मला वाटलं दुसऱ्या कुणाला चुकून आणलंय, आणि मी तिच्यामागे दाराकडे बघत राहिले. मागून कुणी आलं नाही. दार लागलं. मुलगी बसायच्या आधी भिंतीशी गेली आणि वेळापत्रक सरळ केलं. मग बसली. अधिकाऱ्याने कागद तिच्यापुढे सरकवला. 'मॅडमना पान काढून दाखव. ते, मधे फट असलेलं.' तिने पेन्सिल घेतली. डाव्या हातात. करंगळी आत दुमडली. जीभ ओठांत गेली. एका बाजूची शीर आली, दुसऱ्या बाजूची आली, भेटणार इतक्यात थांबली. मला तिचं गिळणं ऐकू आलं. तिने शीर जोडली आणि पेन्सिल तिथे टेकवून क्षणभर बसली.

'कुणी शिकवलं?' मी विचारलं. ती बोलेल असं अधिकाऱ्याला वाटलं नव्हतं, पण ती माझ्या हाताकडे बघत होती, अंगठ्याच्या घट्ट्याकडे. 'बाबांनी,' ती म्हणाली. 'कुठे आहेत ते?' 'गेले. छातीत कफ झाला होता. मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात.' म्हणजे ते सगळे निवांत हात, ते घाईचे हात, थंडी असेल तिकडे, बरा दिसतोय, ते सगळं मी एका मेलेल्या माणसाशी बोलत होते आणि उत्तर ही पोर देत होती. 'आणि फट का जोडलीस?' मी म्हटलं. 'यंत्र पकडतं हे कळलं नाही तुला?' 'दुसऱ्या खेपेलाच कळलं,' ती म्हणाली. 'मग?' तिने पेन्सिल कागदाच्या कडेशी सरळ लावून ठेवली. मग म्हणाली, 'बाबा म्हणायचे, काहीही झालं तरी ती रेघ अर्धी सोडायची नाही. ताई तिकडे मुद्दाम सोडते, आपण जोडायची. ताई आधी अंगठा फिरवील, मग भिंग लावील, आणि तिला कळेल की आपण आहोत. फोन करता येत नाही, फोन केला तर तिची नोकरी जाईल. म्हणून हे. नवीन पान आलं तेव्हा मी आधी हातच लावला नाही. फट किती मोठी होती, अगदी मधे. मग मला वाटलं, त्या हाक मारतायत.' तिने वर बघितलं. डोळे माझ्या आईचे होते. 'तुम्ही त्याच का?'

अधिकारी चुळबुळला. त्याला हे नको होतं, त्याला त्याचा कागद भरायचा होता. 'मॅडम, एवढं सांगा. हात हाच ना?' मी पानाकडे बघितलं. अजून वेळ होता. अशा हजार रेघा असतात, मी शपथेवर सांगू शकत नाही, असं म्हटलं असतं तर कोण मला खोटं पाडणार होतं? माझ्याशिवाय ते वाचणारंच कुणी नव्हतं. पण मग ती कुणाची राहिली असती? ह्या बोळातल्या कुठल्याशा दारातून बाहेर गेली असती आणि पुन्हा कुणीच नसती. 'हाच,' मी म्हटलं. 'आमच्या घरचा हात आहे हा. मी तिची आत्या. तुमच्या कागदावर तसंच लिहा.' त्याने पेन उचललं होतं, ते तसंच राहिलं. 'मग तुमची साक्ष चालायची नाही, मॅडम. आणि नोकरीचंही...' 'ते मी बघते,' मी म्हटलं. पुडक्याचा दोरा सोडताना बोटं चालेनात. मुलीने हात पुढे करून गाठ सोडली, डाव्या हाताने, एका ओढीत. स्वेटर बघून तिला काही कळलं नाही. कोपराचं रफू मात्र तिने नीट निरखून पाहिलं, अंगठ्याने चाचपलं.

तेवढ्यात माझ्या पर्समधला फोन वाजायला लागला. घरचा नंबर. अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे वळून उभा राहिला. मी उचलला. 'भेटला का?' आई ओरडून विचारत होती, खोलीभर ऐकू जात होतं. 'काय म्हणतोय? जेवलाय का?' मी म्हटलं, 'आई, धाकटा नाही. धाकटा गेला, आई. त्याची मुलगी आहे इथे.' मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही, आणि हे वाक्य मला पुन्हा ओरडून सांगावं लागणार. फोनमध्ये नुसता घरातल्या पंख्याचा आवाज येत होता. मग आई म्हणाली, 'दे तिला.' मी टेबलावरून हात लांब करून फोन तिच्या कानाशी धरला. ती अगदी ताठ बसली होती, डोळे मिटून, जिभेचं टोक ओठांत.

'जेवलीस का गं?' आईने विचारलं.

मुलीचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. आई पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली.